पेशीत काय काय असतं? बडोद्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्याच्या मराठी घरांतली मुलं शाळेत गुजराती नाहीतर इंग्रजीतून शिकतात आणि घरी येऊन मराठीत प्रश्न विचारतात. पेशीचा धडा सुरू झाला की दांडिया बाजारातल्या आमच्या रविवारच्या वर्गात तेच ते प्रश्न फिरून येतात. 'नीट' या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणारी मुलं त्यात भर घालतात आणि मुलांना सोडायला आलेले आजी-आजोबाही घालतात. उत्तरं इथे एकत्र ठेवली आहेत. क्रम धड्याचा नाही. जो प्रश्न जास्त येतो तो आधी घेतलाय.

सगळे भाग आणि त्यांची कामं पाठ कशी करायची?

पाठच करायची असतील तर पुस्तकात तक्ता आहेच. पण तक्त्यात प्रत्येक भागासमोर एकेक काम लिहिलेलं असतं, त्यामुळे वाटतं की जो तो आपल्या कोपऱ्यात बसून आपलं काम उरकतोय. पेशीत तसं चालत नाही. त्यापेक्षा एकच वस्तू धरा आणि ती कुठून निघून कुठे पोचते ते बघत जा. आम्ही इन्सुलिन घेतो, कारण कुणाच्या ना कुणाच्या आजोबांचं इन्सुलिनचं पेन फ्रिजच्या दारात असतंच.

इन्सुलिन तयार होतं स्वादुपिंडातल्या बीटा पेशीत. ते बनवायची कृती ११ व्या गुणसूत्रावर, म्हणजे केंद्रकात. डीएनए केंद्रक सोडून कुठे जात नाही. त्यातल्या तेवढ्याच भागाची नक्कल, म्हणजे एमआरएनए, केंद्रकाच्या पटलातल्या छिद्रातून बाहेर पेशीद्रव्यात येते. तिथे रायबोझोम ती वाचायला लागतो आणि एकापुढे एक अमिनो आम्लं जोडत जातो. या साखळीचा सुरुवातीचा तुकडा म्हणजे पत्ता. तो दिसला की साखळी, रायबोझोम सगळं उचलून आंतर्द्रव्यजालिकेच्या (पेशीतल्या पटलांच्या जाळ्याच्या) भिंतीला नेऊन टेकवलं जातं आणि पुढची साखळी थेट जालिकेच्या आत उतरायला लागते. जालिका 'खडबडीत' दिसते ती यामुळे. तिच्यावरचे ठिपके कायमचे चिकटवलेले नसतात. काम संपलं की रायबोझोम सुटतो.

साखळी ११० अमिनो आम्लांची असते. आत गेल्यावर पत्त्याचा तुकडा कापला जातो, ८६ उरतात. जालिकेत तिच्या नीट घड्या पडतात आणि गंधकाचे तीन बंध बसतात. मग जालिकेचाच एक बुडबुडा सुटतो, गॉल्गीपर्यंत, म्हणजे पेशीच्या पॅकिंग खात्यापर्यंत जातो, तिथून माल पुढच्या कणिकांत, म्हणजे इवल्या पिशव्यांत भरला जातो. या कणिकांत शेवटची कापाकापी होते. मधला तुकडा निघतो आणि उरतं ५१ अमिनो आम्लांचं इन्सुलिन, २१ ची एक साखळी आणि ३० ची दुसरी. निघालेला तो मधला तुकडा म्हणजे सी-पेप्टाइड. डॉक्टर कधीकधी याच नावाची रक्ततपासणी लिहून देतात. टोचलेल्या इन्सुलिनबरोबर हा तुकडा येत नाही, म्हणून रक्तात तो किती आहे यावरून शरीर स्वतःचं इन्सुलिन किती बनवतंय ते कळतं.

आता कणिका भरून तयार आहेत, पण दार उघडायचं कधी? जेवण झालं, रक्तातली साखर वाढली, ती बीटा पेशीत शिरली. ती वापरून मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीची वीजकेंद्रं, एटीपी बनवतात. एटीपी म्हणजे पेशीत ऊर्जा पुरवणारा रेणू. एटीपी वाढलं की पेशीपटलातले पोटॅशियमचे मार्ग बंद होतात, पटलावरचा विद्युतदाब बदलतो, कॅल्शियम आत घुसतं आणि कणिका पटलाला जाऊन मिळतात. माल बाहेर. ग्लिमेपिराइडसारखी गोळी आजोबा घेत असतील तर ती नेमके हेच पोटॅशियमचे मार्ग बंद करते.

केंद्रक, रायबोझोम, जालिका, गॉल्गी, मायटोकाँड्रिया, पटल, सगळे येऊन गेले. आणि एक गोष्ट तक्त्यात कधीच येत नाही तीही दिसली: कणिकेभोवतीचं पटल शेवटी पेशीपटलात मिसळतं, म्हणजे पेशीचं बाहेरचं आवरणही आतूनच येत असतं.

रायबोझोमचा आणि बडोद्याचा काय संबंध?

चांगलाच आहे. २००९ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल रायबोझोमची रचना आणि कार्य उलगडल्याबद्दल तिघांना मिळालं: वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ. यातले रामकृष्णन जन्मले चिदंबरमला, १९५२ मध्ये, पण वाढले बडोद्यात. वडील महाराजा सयाजीराव विद्यापीठात जीवरसायन विभागाचे प्रमुख होते. रामकृष्णन यांनी स्वतः १९७१ मध्ये इथूनच बीएस्सी केलं, तेही भौतिकशास्त्रात. अमेरिकेत भौतिकशास्त्रातच पीएचडी केली आणि मग जीवशास्त्राकडे वळले. 'बायो घेतलं की मॅथ्स सुटलं' म्हणून खूश होणाऱ्यांनी हे जरा लक्षात ठेवावं.

त्यांनी जो भाग उलगडला तो जिवाणूंच्या रायबोझोमचा लहान भाग, ३०एस. हा अभ्यास औषधांच्या कामाचा का, तर जिवाणूंचा रायबोझोम ७०एस जातीचा आणि आपला ८०एस. दोघांच्या रचनेत फरक आहे. त्या फरकाचा फायदा घेऊन काही प्रतिजैविकं जिवाणूचा रायबोझोम अडवतात आणि आपला बहुतांशी सोडून देतात. टेट्रासायक्लिन आणि स्ट्रेप्टोमायसिन ३०एस भागावर बसतात, अ‍ॅझिथ्रोमायसिन मोठ्या ५०एस भागावर. व्हायरसला स्वतःचा रायबोझोमच नसतो, म्हणून व्हायरसच्या सर्दीवर अ‍ॅझिथ्रोमायसिन खाऊन उपयोग नाही. हे आमच्याकडे सहावीतली मुलं आजीला समजावून सांगतात, आजी ऐकते की नाही ते वेगळं.

३० आणि ५० मिळून ८० व्हायला हवेत ना? ७० कसे?

'एस' हे वजन नाही. अतिवेगाने फिरवल्यावर कण किती भरभर तळाशी जातो त्याचं ते माप आहे आणि ते आकारावरही अवलंबून असतं. दोन भाग जोडले की आकार बदलतो, म्हणून बेरीज जुळत नाही. आपल्या रायबोझोमचंही तेच: ४०एस आणि ६०एस मिळून ८०एस.

मुलीला प्रदर्शनासाठी 'पेशी म्हणजे आपलं बडोदा' असं मॉडेल करायचंय. लक्ष्मी विलास पॅलेस केंद्रक दाखवला तर चालेल?

दरवर्षी कुणीतरी करतंच. पॅलेस केंद्रक, वीजकेंद्र मायटोकाँड्रिया, रेल्वे स्टेशन गॉल्गी, थर्माकोलवर रंगीत टाचण्या. परीक्षकांना आवडतं, करू द्या. फक्त तिला दोन गोष्टी लक्षात ठेवायला सांगा. एक, शहरात पॅलेस एका जागी आणि त्याभोवती सगळे. पेशीत केंद्रक हुकूम सोडत बसत नाही. बाहेरून पटलावर आलेला संदेश आत पोचतो आणि त्यावरून केंद्रकातला कुठला भाग वाचायचा ते ठरतं. म्हणजे हुकूम दोन्ही दिशांनी चालतात. दोन, शहरातलं वीजकेंद्र शहर बांधणाऱ्यांनी बांधलं. मायटोकाँड्रिया पेशीने बांधलेले नाहीत, ते बाहेरून आलेले पाहुणे आहेत. (पुढचा प्रश्न वाचा.) हे दोन मुद्दे मॉडेलशेजारी कार्डावर लिहून ठेवले तर मॉडेल खरंच वेगळं होईल.

मायटोकाँड्रिया 'बाहेरून आले' म्हणजे काय?

साधारण दीड-दोन अब्ज वर्षांपूर्वी एका पेशीने एक जिवाणू गिळला आणि पचवला नाही. त्याचे वंशज म्हणजे आजचे मायटोकाँड्रिया. वनस्पतींमधलं हरितलवकही (पानातला हिरवा कण) असंच, नीलहरित जिवाणूंपासून आलेलं. हा विचार नेटाने मांडला तो लिन मार्ग्युलिस यांनी, १९६७ च्या शोधनिबंधात. त्याआधी तो अनेक नियतकालिकांनी परत पाठवला होता.

पुरावे आजही मायटोकाँड्रियाच्या आत सापडतात. त्याला दोन पटलं असतात. त्याचा स्वतःचा डीएनए असतो, तोही जिवाणूसारखा वर्तुळाकार. माणसात तो १६,५६९ अक्षरांचा आणि जेमतेम ३७ जनुकांचा. रायबोझोमही स्वतःचे, आणि ते जिवाणूंच्या वळणाचे. मायटोकाँड्रिया नवे तयार होतात तेही आधीच्यांच्या विभाजनानेच. पेशी शून्यातून मायटोकाँड्रिया घडवू शकत नाही.

पण आता पाहुणा घरचाच झालाय. त्याला लागणारी हजाराहून जास्त प्रथिनं केंद्रकातल्या जनुकांवरून बनतात आणि बाहेरून आत नेली जातात. वेगळा काढून ठेवला तर तो जगणार नाही.

मायटोकाँड्रिया फक्त आईकडूनच येतात हे खरं का?

माणसात जवळजवळ नेहमीच, हो. शुक्रपेशीतही मायटोकाँड्रिया असतात, पण फलनानंतर ते नष्ट केले जातात. त्यामुळे तुमच्यातले मायटोकाँड्रिया आईचे, तिच्यातले तिच्या आईचे. वंशावळीत बापाचंच नाव लिहायची आपली पद्धत, आणि इथे मात्र आईच्या आईच्या आईची ओळ न तुटता चालू.

एका ग्लुकोजपासून एटीपी ३६ की ३८?

ही दोन्ही उत्तरं जुन्या हिशेबाची आहेत. आता साधारण ३० ते ३२ धरतात, कारण माल आत-बाहेर नेण्यातही ऊर्जा खर्च होते आणि ती जुन्या हिशेबात नीट धरली नव्हती. परीक्षेत तुमच्या पुस्तकात आहे ते लिहा, वाद घालू नका. वाद घालायला रविवारी या.

रक्तातल्या तांबड्या पेशीत केंद्रकच नसतं, मग ती जिवंत कशी?

तिला आधी केंद्रक असतं. अस्थिमज्जेत तयार होताना शेवटच्या टप्प्यात ती ते बाहेर टाकते आणि मायटोकाँड्रियाही काढून टाकते. आतली जवळजवळ सगळी जागा हिमोग्लोबिनला. ऊर्जा मिळवते ती ऑक्सिजन न वापरता, ग्लुकोज अर्धवट तोडून, म्हणजे जो ऑक्सिजन पोचवायचाय त्याला स्वतः हात लावत नाही. पण केंद्रक गेलं म्हणजे नवी प्रथिनं बनवणं बंद, दुरुस्ती बंद. त्यामुळे सुमारे १२० दिवसांत तिचा कारभार आटोपतो.

इथेच एचबीए१सी तपासणीचं गुपित आहे. रक्तात साखर जास्त असेल तर ती हिमोग्लोबिनला चिकटते, आणि तांबडी पेशी ते हिमोग्लोबिन बदलू शकत नाही. म्हणून ही तपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते. तपासणीच्या आदल्या रात्री सेव उसळ टाळून तिला फसवता येत नाही.

माणसाच्या शरीरात पेशी सुमारे ३० लाख कोटी असतात आणि त्यातल्या बहुसंख्य याच, बिनकेंद्रकाच्या. बेडकाच्या आणि पक्ष्यांच्या तांबड्या पेशीत मात्र केंद्रक असतं.

सूक्ष्मदर्शकात पेशीपटल दाखवा ना!

शाळेतल्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही. दिसणारही नाही, कितीही महागडा घ्या. प्रकाशाने बघताना साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळच्या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता येत नाहीत, आणि पटलाची जाडी आहे ७-८ नॅनोमीटर. कांद्याच्या सालीत विटांसारख्या ज्या रेघा दिसतात ती पेशीभित्तिका, सेल्युलोजची.

पण पटल कुठे आहे ते कळून घ्यायची एक युक्ती आहे. बागेत वाफ्याच्या कडेला लावतात ती रिओ नावाची बुटकी झाडं, पान वरून हिरवं आणि खालून जांभळं. माळ्याला विचारून एखादं पान घ्या, कमाटीबागेत न विचारता तोडू नका. पान तिरकं फाडलं की खालची जांभळी पातळ साल सुटते. ती पाण्याच्या थेंबात ठेवा. प्रत्येक पेशी काठोकाठ जांभळी दिसेल, कारण तो रंग रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीत असतो आणि वनस्पतीच्या वाढलेल्या पेशीत रिक्तिका जवळपास सगळी जागा व्यापते. आता कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाच्या दाट पाण्याचा थेंब सोडा आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावा. मिनिटा-दोन मिनिटांत जांभळा भाग कोपऱ्यांतून सुटायला लागतो, आक्रसत मधे गोळा होतो, आणि रंग मात्र अधिक गडद होतो. भित्तिका जागच्या जागी राहते. जांभळ्याची जी कड भित्तिकेपासून सुटली, पटल तिथे आहे. साधं पाणी परत सोडलं तर बहुतेक पेशी पुन्हा भरून येतात. फार वेळ मिठात ठेवल्या असतील तर नाही.

लोणच्यासाठी खंडेराव मार्केटमधून कैऱ्या आणून, फोडी करून मीठ लावलं की पाणी सुटतं ना, ते हेच.

कांद्याच्या सालीत हिरवे कण का दिसत नाहीत? वनस्पतीच आहे ना ती?

कांदा जमिनीत वाढतो. तिथे उजेड नाही, म्हणून हरितलवकं नाहीत. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीत सगळे भाग असलेच पाहिजेत असा नियम नाही. पुस्तकातली 'वनस्पती पेशी' नावाची आकृती ही अशी पेशी आहे जी कुठल्याच झाडात नेमकी तशी सापडत नाही. 'प्राणी पेशी'चंही तेच. स्नायूत मायटोकाँड्रिया खच्चून भरलेले, बीटा पेशीत जालिका आणि कणिकांची दाटी, तांबड्या पेशीत तर काहीच नाही. काम बघून भाग असतात.

मग हिरवे कण बघायचे कशात?

हायड्रिलात. मासे विकणाऱ्या दुकानात टाकीत टाकायला मिळतं. टोकाजवळचं कोवळं पान घ्या. ते इतकं पातळ असतं की काप घ्यावा लागत नाही. थंडीच्या सकाळी असेल तर आधी जरा वेळ कोमट पाण्यात आणि उजेडात ठेवा.

आधी ४५ पटीच्या भिंगाखाली नुसते हिरवे दाणे दिसतील, गप्प बसलेले. घाई करू नका. पानाच्या मधल्या शिरेजवळच्या लांबट पेशींवर नजर ठेवा. एखाद्या पेशीत दाणे कडेकडेने सरकताना दिसतील, एकामागून एक, कोपऱ्यावर जरा अडखळतात, वळतात, समोरच्या भिंतीने परत येतात. मधे रिक्तिका असल्यामुळे रस्ता कडेचाच. दाणे आपणहून पोहत नाहीत. अ‍ॅक्टिनच्या तंतूंवरून मायोसिन नावाची प्रथिनं पेशीद्रव्य ओढत नेतात आणि दाणे त्याबरोबर वाहतात. आपला स्नायू आखडतो तोही याच दोन जातींच्या प्रथिनांमुळे.

माझं मत विचाराल तर पेशीचा धडा इथून सुरू करावा आणि आकृती नंतर काढावी. आकृतीत सगळं थिजलेलं असतं. ज्याने आधी हायड्रिला बघितलं त्याला आकृती बघतानाही त्यातली हालचाल आठवते.

आकृतीत नसलेला पण महत्त्वाचा असा एखादा भाग आहे का?

पेशीचा सांगाडा. शाळेच्या आकृतीत भागांच्या मधली जागा मोकळी सोडतात, तिथे पाणी असावं असं वाटतं. प्रत्यक्षात तिथे प्रथिनांच्या तंतूंचं आणि नळ्यांचं जाळं असतं. नळ्या २५ नॅनोमीटर जाड असतात. त्यांच्यावरून कायनेसिन नावाचं प्रथिन ८ नॅनोमीटरचं एकेक पाऊल टाकत माल ओढून नेतं, दर पावलाला एक एटीपी खर्च करून. कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत जाणारा चेतापेशीचा धागा जवळपास मीटरभर लांब असतो आणि केंद्रक एका टोकाला. माल असाच वाहून न्यावा लागतो, दिवसाला ४० सेंटीमीटरपर्यंत वेगाने. पेशी विभागते तेव्हा गुणसूत्रं ओढणाऱ्याही याच जातीच्या नळ्या. पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरचं औषध त्या नळ्या गोठवून ठेवतं, म्हणजे विभाजन अडतं.

लायसोझोमला 'आत्मघाती पिशवी' का म्हणतात?

म्हणू नये असं माझं मत. १९५५ मध्ये क्रिस्तियान द दुव यांनी लायसोझोम शोधला. त्यात आम्लधर्मी द्रवात पचवणारी विकरं (एन्झाइम) असतात, ती फुटून बाहेर पडली तर पेशीचं नुकसान होईल, यावरून ते नाव पडलं आणि पुस्तकांत चिकटून बसलं. रोजचं काम वेगळंच आहे: जुने, मोडके भाग तोडून त्यातला कच्चा माल परत वापरात आणणं. पेशी स्वतःचेच भाग असे कसे पचवते, याच्या यंत्रणेबद्दल योशिनोरी ओसुमी यांना २०१६ मध्ये नोबेल मिळालं. पिशवी फुटल्यामुळे नव्हे, तर तिच्यातलं एखादं विकर कमी असल्यामुळे आजार होतात. गॉशे आजारात असंच एक विकर कमी पडतं, स्निग्ध पदार्थ साचत जातात, प्लीहा आणि यकृत वाढतं. ते विकर आता बाहेरून शिरेतून देता येतं.

गॉल्गी हे माणसाचं नाव आहे?

हो, कामिल्लो गॉल्गी, इटलीचे. १८९८ मध्ये चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या चेतापेशीत त्यांना ती जाळी दिसली. पुढची कित्येक वर्षं बरेच लोक म्हणत होते की ही रंगवण्यातली गडबड आहे, असं काही नसतंच. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने वाद मिटवला. त्यांचं १९०६ चं नोबेल यासाठी नाही, मज्जासंस्थेवरच्या कामासाठी आहे. प्रश्नमंजूषेत इथे हमखास गुण जातात.

जिवाणूत यातलं काय काय असतं?

पटल, भित्तिका, पेशीद्रव्य, रायबोझोम, डीएनए. केंद्रकाचं पटल नाही, मायटोकाँड्रिया नाही, जालिका आणि गॉल्गी नाही. तरी जिवाणूंकडून माणसाचं इन्सुलिन बनवून घेतात, १९८२ पासून ते बाजारात आहे. जालिका नसल्यामुळे घड्या पाडण्याचं आणि कापण्याचं बरंचसं काम कारखान्यात नंतर करावं लागतं.

घरी बघायला कुठला सूक्ष्मदर्शक घ्यावा? फोनने फोटो निघतो का?

खेळण्याच्या दुकानातला प्लॅस्टिकचा '१२०० पट' लिहिलेला घेऊ नका, त्यात धूसर उजेडाशिवाय काही दिसत नाही. मनु प्रकाश यांच्या गटाने तयार केलेला कागदी फोल्डस्कोप १४० पट मोठं दाखवतो, त्यात कांद्याची पेशी आणि तिचं केंद्रक छान दिसतं. फोन भिंगाला टेकवून फोटोही निघतो. साल काढताना ती कांद्याच्या आतल्या, खोलगट बाजूची घ्या आणि आयोडीनचा एक थेंब टाका, केंद्रक पिवळट तपकिरी उठून येतं. कव्हरस्लिप आधी एका कडेने टेकवा आणि मग हळूच सोडा, वरून सपाट टाकली की हवा अडकते. जाड काळ्या कडेचं अगदी गोल काहीतरी दिसलं आणि मुलं 'सापडली, सापडली' म्हणून ओरडली तर तो हवेचा बुडबुडा आहे. कांद्याची पेशी गोल नसते.